दहा मिलिमीटरांची महत्त्वाकांक्षा

मोटारीच्या मडगार्डाची कड आणि तिच्या चाकाची बाहेरची बाजू यांच्यामध्ये कारखान्याने जी दोन बोटांची मोकळी जागा हेतुपुरस्सर ठेवलेली असते, ती पाहून ज्याच्या जिवाची तगमग होत नाही असा मनुष्य सुखी समजावा. कारण ज्याची दृष्टी एकदा त्या जागेकडे गेली, त्याला पुढे रस्त्यावरच्या कोणत्याही गाडीत तिचा रंग, तिची ऐट, तिच्यात बसलेली माणसे, यांपैकी काही दिसेनासे होऊन केवळ तेवढी जागाच दिसू लागते, आणि ती जागा आपल्या गाडीपुरती तरी या जन्मी भरून काढावी, या एकाच ध्यासाने त्याचे पुढील आयुष्य व्यापून जाते.

आमचा भाचा या दृष्टीचा धनी झाला तो गाडी नवी असतानाच. वास्तविक मुलगा मोठा समंजस. विम्याचा हप्ता मुदतीपूर्वी भरणारा, पावत्या फायलीत तारीखवार लावणारा आणि वडीलधाऱ्यांसमोर आवाज न चढवणारा. परंतु संध्याकाळी कचेरीतून परतल्यावर गाडीला कुलूप लावून सरळ वर येण्याऐवजी तो मागच्या डाव्या चाकापाशी उकिडवा बसे आणि एक डोळा मिटून मडगार्डाच्या कडेवरून खाली जमिनीपर्यंत नजरेचा ओळंबा सोडी. सोसायटीच्या रखवालदाराने प्रथम सहानुभूतीपोटी पंक्चरवाल्याचा पत्ता दिला. पुढे मात्र तोही शेजारी उकिडवा बसू लागला आणि दोघांचे निदान एकच पडले. "मामा, टायर फारच आत बसलाय हो," हे भाच्याने मला इतक्या हळव्या स्वरात सांगितले, की मी आधी घरच्यांच्या प्रकृतीची चौकशी केली.

शेताचा बांध दरसाल वीतभर कोरून शेजाऱ्याच्या रानात शिरण्याची जी विद्या आपल्या मुलखात पिढ्यानुपिढ्या चालत आलेली आहे, तिचेच हे नागर रूप होय, असे माझे प्रामाणिक मत आहे. भेद एवढाच, की तिकडे मोजणीदार, तलाठी आणि दिवाणी न्यायालय हे तिघे मिळूनही वादी म्हातारा होईपर्यंत निकाल लावीत नाहीत, आणि इकडे मात्र पहिल्याच गतिरोधकावर निकाल स्पष्ट ऐकू येतो.

चाके बदलावयाची ठरल्यावर प्रथम जो अडथळा येतो तो परिमाणांचा. आपल्या सरकारने १९५६ साली वजनमापांचा कायदा करून शेर, मण, गज आणि इंच यांना रीतसर निरोप दिला खरा, पण तो हुकूम मोटारीच्या चाकापर्यंत पोचला नाही. किंबहुना तो जगात कोठेच पोचलेला नाही. टायरच्या अंगावर १८५/६५ आर १५ असे लिहिलेले असते. त्यातला पहिला आकडा मिलिमीटरांचा, दुसरा टक्क्यांचा आणि तिसरा इंचांचा, आणि तिघेही एकाच रबरावर वर्षानुवर्षे गुण्यागोविंदाने नांदतात. फ्रान्सच्या मिशलँ कंपनीने १९७० च्या दशकात टी.आर.एक्स. नावाचे टायर काढून चाकाचा व्यासही मिलिमीटरांत मोजण्याचा प्रघात पाडून पाहिला. पण ज्या देशाने जगाला मीटर दिला त्या देशाची ही सुधारणाही टिकली नाही, आणि इंच आपल्या जागी अढळ राहिला. नटांच्या वर्तुळाचा हिशेब मिलिमीटरांत म्हणून समाधान मानावे, तर ११४.३ किंवा १३९.७ असले विक्षिप्त आकडे समोर येतात, आणि २५.४ ने भागून पाहिले की साडेचार आणि साडेपाच इंच मेट्रिकचा अंगरखा घालून बसलेले सापडतात.

या भानगडीत भाचा मुळीच गोंधळला नाही, हे त्याच्या पिढीचे कौतुक. १८५/६५ आर १५ च्या जागी १९५/५५ आर १६ घातले तर टायरची एकूण उंची ६२१.५ मि.मी.वरून ६२०.९ होते, म्हणजे मीटरचा काटा जवळपास खरे बोलत राहतो, हे त्याने चहाचा कप हातातून खाली न ठेवता तोंडी सांगितले. त्याच्या गाडीच्या नटांचे वर्तुळ १०० मि.मी.चे, नट चार, हबच्या उंचवट्याचा व्यास ५४.१, ही सारी माहिती त्याला कुटुंबातल्या जन्मतारखांहून अधिक पाठ होती. उरला तो ऑफसेट.

चाकाच्या रुंदीच्या बरोबर मध्यातून एक काल्पनिक रेषा काढावी, आणि चाकाचा जो सपाट भाग गाडीच्या हबला टेकतो तो या रेषेपासून किती मिलिमीटर दूर आहे हे मोजावे, म्हणजे येतो तो ऑफसेट. टेकणारा भाग रस्त्याकडच्या अंगाला असेल तर आकडा धन, गाडीकडच्या अंगाला असेल तर ऋण, आणि रेषेवरच असेल तर शून्य. पुढच्या चाकांना गती देणाऱ्या आजच्या लहान गाड्यांत तो बहुधा ३५ ते ५० च्या दरम्यान, आणि धन. जर्मन आद्याक्षरांवरून त्याला ई.टी. म्हणतात, आणि ई.टी. ४५ अशी अक्षरे चाकाच्या पाठीमागे, आऱ्यांच्या आतल्या बाजूस ओतलेली असतात. म्हणजे चाकाविषयीची सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाचण्याचा मान फक्त गाडीखाली उताणा पडलेल्या मनुष्यास मिळतो. त्यातही गंमत अशी, की हा आकडा जितका मोठा तितके चाक मडगार्डाच्या आत, आणि जितका लहान तितके बाहेर. ज्याला आयुष्यात पुढे यावयाचे आहे त्याने आकडा कमी करीत जावयाचा, ही गणिताची तऱ्हा शाळेत प्रत्येक इयत्तेला गुण वाढवीत आलेल्या मुलांच्या सहजी पचनी पडत नाही.

आम्ही पुण्यात नाना पेठेतल्या एका दुकानात गेलो. या पेठेत वाहनाचा कोणताही अवयव मिळतो. पण दुकानात शिरलेल्या गिऱ्हाइकाला अवयव दिसत नाहीत, भिंतीवर टांगलेली चकचकीत मॅगव्हील दिसतात. गिऱ्हाईक चाकाची निवड डोळ्याने करते. आऱ्या पाच की दहा, रंग रुपेरी की काळसर, कडेला चकाकी आहे की नाही, यांवर अर्धा दिवस खल होतो, आणि जो एक आकडा पुढे गाडीची चाल, बेअरिंगचे आयुष्य आणि घरातली शांतता ठरवणार असतो त्याची विचारणा कोणी करीत नाही. भाच्याने केली. शेठनी चष्मा वर सरकवून त्याच्याकडे क्षणभर पाहिले. त्यांच्या धंद्यात ऑफसेटच्या प्रश्नाला एकच उत्तर रूढ होते, आणि तेच त्यांनी दिले: "बसतंय."

"बसेल हो, पण ई.टी. किती?"

"सगळ्यांना हेच बसवतो आपण. बसतंय."

अखेर दुकानातल्या पोऱ्याने चाक उलटे करून, बोटाने धूळ पुसून, ४५ हा आकडा वाचला, आणि तेथून पेच सुरू झाला. भाच्याच्या मूळ चाकाचाही ऑफसेट ४५ च होता. पण ते ६ इंच रुंद, आणि मनात भरलेले हे काळसर चाक ७ इंच. वाढलेला इंच दोन्ही अंगांना सारखा वाटला जाऊन चाक १२.७ मि.मी. बाहेर येणार ही आनंदवार्ता. परंतु तितकेच ते आत शॉकॲब्सॉर्बरच्या नळीकडेही सरकणार, आणि तेथे मुळात जागा होती ती बोटभर. भाच्याला हवा होता ऑफसेट ३५. तो त्या रंगात शिल्लक नव्हता. रुपेरीत होता, पण रुपेरी चाक त्याच्या मते निवृत्त लोकांच्या गाडीला शोभते. हे म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिले नाही, एवढा त्याचा विनय.

अशा प्रसंगी शेठ लोक गल्ल्याखालचा जो खण उघडतात, त्यात स्पेसर असतात. "दहाचा टाका," शेठ म्हणाले, आणि अॅल्युमिनियमची एक गोल, चार भोकांची चकती त्यांनी काउंटरवर ठेवली. गणित निर्दोष होते हे मान्य केले पाहिजे. हब आणि चाक यांच्यामध्ये १० मि.मी.ची चकती घातली की ४५ चा ऑफसेट व्यवहारात ३५ होतो, आतले १२.७ मिलिमीटरांचे अतिक्रमण २.७ वर येते, आणि बाहेरचे २२.७ वर जाते. भाच्याच्या मुखावर जे तेज पसरले ते मी त्याच्या लग्नातही पाहिले नव्हते.

स्पेसर ही वस्तू दिसावयास वायसरच्या कुळातली, आणि म्हणूनच घातकी. कारण वायसर टाकून कोणाचे काही बिघडल्याचे आपण ऐकलेले नसते. १० मि.मी.ची चकती मध्ये आली की स्टड तेवढेच आखूड पडतात. भाच्याची गाडी मारुतीची; मारुतीच्या गाड्यांचे स्टड १२ मि.मी. जाड, आणि त्यांचा आटा सव्वा मि.मी.चा, म्हणजे चकती नटाचे बरोबर आठ फेरे गिळंकृत करते. आट्यांत गुंतलेली लांबी निदान स्टडच्या जाडीइतकी असावी असा कारागिरांचा जुना दंडक आहे, आणि त्या हिशेबाने नऊ-दहा फेरे लागतात. येथे पाना हातात घेतलेल्या पोऱ्याने नट फिरवून पाहिला, आणि "चार फेरे बसतात, बास आहेत," असे ज्या निर्विकारपणे सांगितले, तो निर्विकारपणा गाडी चालवणारा आपण नसलो म्हणजेच लाभतो. भाच्याने लांब स्टड मागितले. शेठना हा गिऱ्हाइकाचा संशयी स्वभाव वाटला, पण बिलात ओळ वाढते हे लक्षात आल्यावर त्यांनी तो उदारपणे पोटात घातला.

दुसरी गोष्ट हबच्या उंचवट्याची. कारखान्याचे चाक हबच्या मध्यावरच्या गोल ओठावर अचूक बसते आणि त्यामुळे केंद्र सुटत नाही. नट त्याला फक्त आवळून धरतात. साध्या चकतीला स्वतःचा ओठ नसला तर गाडीचा ओठ तिच्यातच बुडतो आणि चाकाचे मध्य राखण्याचे काम एकट्या नटांवर येऊन पडते. त्यातून बाजारातल्या चाकांचे मधले भोक बहुधा ७३.१ मि.मी.चे, सर्वांना सामावून घेणारे, आणि गाडीचा उंचवटा ५४.१ चा, हा फरक भरून काढण्यास प्लॅस्टिकची एक कडी मिळते, जी हरवल्याचे कोणास कळत नाही. कळते ते पुढे द्रुतगती मार्गावर, ताशी ८०-९० ला स्टीअरिंग थरथरू लागले म्हणजे. आणि मग मालक बॅलन्सिंगवाल्याला दोष देतो, बॅलन्सिंगवाला टायरला, टायरवाला रस्त्याला, आणि रस्त्याच्या बाबतीत सर्वांचेच एकमत असल्यामुळे प्रकरण तेथेच दप्तरदाखल होते. भाच्याने ओठाचे स्पेसर घेतले, कड्याही घेतल्या, आणि आतल्या नळीवर मुलांच्या खेळण्यातली रंगीत चिकणमाती थापून, गाडी हळूच फिरवून, टायरने तिच्यावर किती ठसा उमटवला हेही पाहिले. इतकी शास्त्रशुद्ध अविचाराची कृती मी दुसरी पाहिलेली नाही.

कारण या साऱ्या सावधगिरीने चाक निखळत नाही, पण अभियंत्याचा हेतू मात्र निखळतो. पुढचे चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष कल्पनेने खाली जमिनीपर्यंत वाढवला, तर तो टायरच्या टेकण्याच्या मध्यापासून काही मिलिमीटर आत किंवा बाहेर जमिनीला मिळतो. आणि या क्षुल्लक अंतरावर गाडी ब्रेक लावताच सरळ राहणार की एकीकडे ओढ घेणार हे अवलंबून असते. १९७२ साली निघालेल्या आउडी ८० या गाडीत जर्मन अभियंत्यांनी हे अंतर मुद्दाम ऋण ठेवले, म्हणजे अक्ष टायरच्या मध्याच्या पलीकडे बाहेर जाऊन जमिनीला मिळे; आणि ब्रेकची वाहिनी त्यांनी तिरपी विभागली होती. त्यामुळे एक वाहिनी निकामी होऊन पुढचे एकच चाक अडले, तरी स्टीअरिंग आपणहून उलट कल घेऊन गाडी सरळ राखी. एवढ्या चातुर्याने राखलेले हे अंतर दहा-वीस मिलिमीटरांच्या चकतीने सहज धनाकडे ढकलता येते. कोणी तरी वर्षानुवर्षे खपून खाली ठेवलेला आकडा आपण एका दुपारी, चहा सांगून, वर उचलतो. ही गोष्ट मी भाच्याला सांगितली. त्याला ती माहीत होती. आजकाल उपदेश करण्यातली मोठी अडचण हीच, की ऐकणाऱ्याला सर्व आधीच ठाऊक असते.

शासनाची भूमिकाही येथे नमूद करणे प्राप्त आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ अन्वये उत्पादकाने नेमून दिलेल्या आणि नोंदणीपत्रात दाखल असलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकास करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच अर्थाचा निवाडाही दिला. पुढे कायद्यातच प्रत्येक बेकायदा फेरफारामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तजवीज झाली. आता ऑफसेटचा रकाना नोंदणीपत्रात नाही. शिवाय चार चाकांखालचे चार स्पेसर हा एक फेरफार धरावा की चार, यावर एक शिरस्तेदार आणि दोन वकील सुखाने सेवानिवृत्त होऊ शकतील. जर्मनीत असा संदिग्धपणा चालत नाही. तेथे स्पेसर घालावयाचा तर कागदपत्र असलेलाच घालावा लागतो, तपासनीस चाक पाहून शिक्का मारतो, आणि मग मनुष्य निर्धास्तपणे कुरूप गाडी चालवू शकतो. युरोपात १९७८ पासून नियम असा, की चाकाच्या मध्यापासून पुढे ३० आणि मागे ५० अंशांच्या टापूत टायरची रुंदी मडगार्डाखाली झाकलेली हवी. जपानने तर याच टापूत टायरला, आणि केवळ टायरच्या रबराला, १० मिलिमीटरांहून कमी बाहेर डोकावण्याची सवलत २०१७ साली दिली. मिलिमीटर मोजून सवलत देणाऱ्या सरकारविषयी भाच्याच्या मनात आदर दाटून आला, आणि आपला जन्म चुकीच्या हद्दीत झाला असे तो उघड बोलून गेला.

चाके चढली. गाडी देखणी दिसू लागली, हे प्रामाणिकपणे सांगतो. रखवालदाराने चारही बाजूंनी फिरून मान डोलावली. आठवडाभर सर्व ठीक होते, कारण आठवडाभर गाडीत भाचा एकटाच होता. त्यानंतर ताम्हिणी घाटाने कोकणात जाण्याचा बेत निघाला, आणि पुढे भाचा व त्याचे वडील, मागे माझी बहीण, मी आणि डाव्या दाराशी आत्या, असे आम्ही पाचजण, सामान व दोन दिवसांचा फराळ घेऊन बसलो. चाकाचा हिशेब रिकाम्या गाडीवर झाला होता. त्यात आत्या धरलेल्या नव्हत्या.

पहिल्या खड्ड्याला मागून डावीकडे "घर्र" असा आवाज आला. कोणी काही बोलले नाही. दुसऱ्याला तो लांबला. भाचा मान वाकडी करून ऐकू लागला, त्याच्या वडिलांनी काच खाली केली, आणि गाडी जणू आपलीच असावी अशा अधिकाराने म्हणाले, "घासतंय." घाट लागला तेव्हा उजव्या वळणावर आवाज आणि डाव्या वळणावर शांतता, असा नियम स्थापित झाला. भाचा किती तरी वेळ शब्द जुळवीत होता, शेवटी आरशात पाहून अत्यंत मऊ आवाजात म्हणाला, "आत्या, तुम्हाला तिथे ऊन लागत असेल. जरा मधे सरकता का?"

आकाश ढगांनी भरून आले होते. आत्यांनी ते पाहिले, डावीकडच्या मडगार्डाच्या दिशेने पाहिले, मग भाच्याच्या डोक्याकडे पाहिले. "चाकं तू बदलायचीस आणि जागा मी बदलायची होय रे?" असे विचारून त्या जराही हलल्या नाहीत. त्यांनी चिवड्याचा डबा उघडला. पुढच्या तीव्र वळणावर मात्र दाराच्या खालून आवाजाबरोबर रबराचा जळका वासही आला, आणि मग आमचे मेहुणे खाली उतरले, मी उतरलो. फराळाची पेटी उजवीकडे आली, बहीण डावीकडे गेली, आणि आत्या, आपण केवळ वाऱ्यासाठी हलत आहोत असे तिघांना स्वतंत्रपणे सांगून, मध्ये बसल्या. कारखान्याने तो दोन बोटांचा अवकाश कोणासाठी ठेवला होता याविषयी गाडीत यानंतर मतभेद राहिला नाही.

पुण्यास परतल्यावर मागच्या मडगार्डाची आतली कड ठोकून वर वळवून घेण्याचा पर्याय निघाला होता. पण त्याने रंग तडकून पुढे गंज धरतो, आणि हे भाच्याला अर्थातच ठाऊक होते. मागचे दोन स्पेसर काढावयाचे ठरले. मागच्या चाकांना शॉकॲब्सॉर्बरच्या नळीची अडचण नव्हतीच. मागचे स्पेसर निव्वळ शोभेचे होते. शेठनी ते हातात घेतले, अंगठ्याने नटांच्या ताज्या खुणा चाचपल्या, आणि अर्ध्या किमतीत परत घेतो म्हणाले. भाच्याने मुकाट्याने पैसे मोजून घेतले. चकत्या पुसल्या गेल्या आणि गल्ल्याखालच्या त्याच खणात पडल्या. आम्ही पायरी उतरतो न उतरतो तोच एक तरुण आत शिरला. त्याने आपली गाडी रस्त्याच्या पलीकडे उभी केली होती, आणि दुकानात येईपर्यंत तो दोनदा मागे वळून तिच्या मागच्या चाकाकडे पाहत होता.

"शेठ, दहाचे स्पेसर आहेत का?"

"आहेत ना," शेठ खण उघडत म्हणाले, "आजच आलेत."